रोखठोक

श्रावण सरत आला की सर्जेकोटच्या पुळणीवर
होड्यांवरचे झाप निघतात.
बस्त्याव मेस्त्री येतो, कानावर पेन्सिल,
खिशात काथ्याची गुंडी, हातात लाकडी मोगर,
आणि नाळेपासून सुकाणूपर्यंत
एकेक फळी ठोकत जातो.
ठक. ठक. ठक.
मग एका जागी – ठब.
मान वर करत नाही. परत ठोकतो. ठब.
"कुसली हा."

सुहास तारी विचारतो, "एक सीझन काढीत मा?"
"नाय."
"वरसून डांबर मारला तर?"
"मगे दिसाची नाय. बुडतली मात्र."

त्या 'नाय'चे पैसे त्याला कोणी देत नाही.
तारी दुसरा मेस्त्री आणतो.
तो हो म्हणतो, अडीच हजार घेतो,
चहा पिऊन जातो.

मी मच्छीमार सोसायटीत लिहिणारी बाई.
डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं, सभेचं इतिवृत्त.
जोडशब्द फोडून बघायची मला खोड,
जशी कोणाला चिंचोके फोडायची असते.
रोख म्हणजे उधारी नाही, हे बाजारात कळतं.
रोख म्हणजे दिशाही: त्याच्या बोलण्याचा रोख कुणावर होता,
हे सभेनंतर पायरीवर चपला शोधताना विचारतात.
आणि ठोक,
ते मला पुळणीवर ऐकू आलं.

आमचे चेअरमनही म्हणतात, "मी रोखठोक माणूस हां."
मासळी निवडणाऱ्या बायकांना म्हणतात,
बर्फ फोडणाऱ्या नेपाळी पोराला म्हणतात.
त्यांचा रोख कायम उताराकडे,
पाण्यासारखा.
बंदर खात्याचा साहेब आला की
त्याच तोंडातून शहाळ्याचं पाणी.

आणि आवाठातले लोक बस्त्यावला म्हणतात फटकळ.
फटकळ माझी मावशी होती.
तिचा शब्द आधी सुटायचा,
कुठे लागला ते ती नंतर बघायची, कधी बघायचीही नाही.
बस्त्याव आधी कान लावतो.
दोनदा ठोकतो.

जुलैच्या सभेत तो उठला.
सोसायटीने पुरवलेल्या फळ्यांवर विषय होता,
विषय क्रमांक सहा, सगळे घड्याळ बघत होते.
म्हणाला,
"तुमी पैशे सागाचे घेतलात
आणि लाकूड दिलात आंब्याचा."
एवढंच. खाली बसला.
पंखा फिरत होता. कोणीतरी खोकलं.
त्या संध्याकाळी सोसायटीच्या तीन होड्यांचं काम
त्याच्याकडून गेलं.
रोखीचा व्यवहार, तिथल्या तिथे चुकता;
बोलणाऱ्याच्याच खिशातून.

मी लिहिलं:
'लाकडाच्या दर्जाबाबत सभासदांनी मौलिक सूचना मांडल्या.
त्यावर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा होऊन
योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.'
अक्षर माझं चांगलं आहे.
कोणी मला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं,
हे मी इथे लिहून ठेवते.

ऑगस्टची सभा.
विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचलं. विषय सहावर आवाज
जरा भरभर गेला.
मागच्या बाकावरून बस्त्याव उठून टेबलापाशी आला.
रागावलेला नव्हता.
वहीवर वाकला, चष्मा नव्हता आणलेला,
तरी वाकला.
"ह्यां मिया बोललंय?"

मी काही म्हटलं नाही.
त्याने बोटाच्या पेराने पानावर,
नेमक्या त्या ओळीवर, एकदा ठोकलं.
थोडं थांबून परत एकदा.

बाहेर भरती लागली होती,
पाणी तारीच्या होडीच्या बुडाशी येऊन परतत होतं.
चेअरमन म्हणाले, "चला, मंजूर."
आणि सही करायला पेन
त्यांनी माझ्याकडेच मागितलं.

ते अजून माझ्या हातात आहे.